अर्ध्या नावाची फाईल

मंडळाच्या कार्यक्रमात चहाचा कप हाती पडला की कोणीतरी आम्हाला हमखास गाठते. "फाईल कॉम्प्युटरमध्येच आहे हो, पण नाव काय दिले होते ते आठवत नाही!" थोडे खोदून विचारले की कळते, नाव अगदीच विसरलेले नाही. 'पासपोर्ट' होते त्यात कुठेतरी, किंवा शेवटी 'पूजा' होते. म्हणजे निम्मे नाव हाताशी आहे. फाईल शोधायला तेवढे पुरते, फक्त ते कसे विचारायचे हे माहीत हवे.

आपल्या घरांमध्ये हा प्रश्न शेजारच्या अमेरिकन घरापेक्षा अवघड आहे, कारण आपण मराठी नावे इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि ती प्रत्येकजण आपापल्या मनाने लिहितो. एकाची दिवाळी डब्ल्यूने होते, दुसऱ्याची व्हीने. कोणी पूजेत दोन ओ घालतो, कोणी एका यूवर भागवतो. 'ज्ञानेश्वरी' तर विचारूच नका! डी-एन-वाय, जी-वाय, जे-एन अशा तीन तऱ्हांनी सुरू झालेली आम्ही एकाच घरात पाहिली आहे. यजमानांनी एका तऱ्हेने ठेवायची, वहिनींनी दुसऱ्या तऱ्हेने शोधायची, आणि कॉम्प्युटरने शांतपणे 'काही सापडले नाही' म्हणायचे.

उपाय जुना आहे. १९७१ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही प्रणाली आकाराला येत होती, तेव्हापासून दोन चिन्हे या कामाला जुंपलेली आहेत. स्टार, म्हणजे इथल्या कीबोर्डवर ८ च्या डोक्यावर बसलेले *, याचा अर्थ 'इथे काहीही चालेल, कितीही अक्षरे, किंवा एकही नाही'. आणि प्रश्नचिन्ह ? म्हणजे 'इथे कोणतेही, पण नेमके एकच अक्षर'. आम्हा रसायनवाल्यांना यात नवल वाटत नाही. रेणूची आकृती काढताना बदलू शकणाऱ्या भागाच्या जागी आम्ही आर लिहून मोकळे होतो. पक्का सांगाडा तेवढा काढायचा, बाकीचे आरवर सोडायचे.

फाईलच्या नावातही आधी तो पक्का सांगाडा शोधा. शब्दाचा कोणता तुकडा घरातले सगळे सारखाच लिहितात? ज्ञानेश्वरीची सुरुवात बेभरवशाची, पण मधला 'नेश' सगळ्यांचा एन-ई-एस-एच असाच येतो. त्यापुढे व्ही की डब्ल्यू हा वाद, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. मग ए-आर. दोन्ही टोकांना स्टार लावले की तिन्ही तऱ्हांच्या ज्ञानेश्वऱ्या एका रांगेत उभ्या राहतात. लक्ष्मी कोणी एक्सने लिहितो, कोणी के-एस-एचने, तर एल-ए, स्टार, एम-आय असे विचारावे. (दोन्ही टोकांना स्टार असले तर यात सलामीच्या सँडविचची पाककृतीही येते. ती सोडून द्यावी.) लहान-मोठ्या लिपीची चिंता नको, विंडोज आणि मॅक दोघेही शोधताना तिकडे बघत नाहीत.

विंडोजची एक खोड मात्र लक्षात ठेवा, कारण बहुतेकजण इथेच निराश होऊन परततात. फाईल एक्सप्लोररच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत नुसता तुकडा टाकला, तर विंडोज बहुधा त्या तुकड्याने सुरू होणारे शब्द शोधते. शब्दाच्या पोटात किंवा शेपटीला असलेला तुकडा त्याला दिसत नाही. 'पती' विचारले तर 'गणपती' हाती लागेलच असे नाही. म्हणून तुकड्याच्या आधी स्टार घालायचा. त्याच्याही आधी एन-ए-एम-ई आणि कोलन लिहिले तर शोध नावापुरता राहतो, नाहीतर फाईलच्या आतला मजकूर धुंडाळून ढिगारा समोर येतो. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि एफ दाबून 'नेम' आणि 'कंटेन्स' निवडा, तिथे स्टारची गरजच पडत नाही.

या खोडीमुळे काय अडते ते आमच्या ओळखीच्या एका घरी पाहिले. तिथल्या वडिलांनी शेवटच्या अमेरिका मुक्कामात सकाळच्या वेळी बसून घरचे सगळे कागद स्कॅन केले होते आणि प्रत्येकाला स्वतः नाव दिले होते. पुढच्या वर्षी ते नाशिकला गेले. मुलाला त्यांचे मृत्युपत्र हवे होते. मूळ कागद कोणत्या वकिलांकडे आहे ते त्या प्रतीवरूनच कळणार होते. त्याने 'विल' शोधले, 'मृत्युपत्र' चार तऱ्हांनी शोधले. काही नाही. आम्ही पक्का तुकडा धरला, 'पत्र' मधला पी-ए-टी-आर. नुसता टाकला तेव्हा एक पत्रिका आणि दोन पत्रे आली. आधी स्टार घातला आणि खरेदीपत्र आले, सोसायटीचे प्रमाणपत्र आले, आणि त्यांच्या खाली इच्छापत्र. वडील मृत्युपत्र हा शब्द वापरतच नसत, हे मुलाला तेव्हा आठवले. ती आधीची दोन पत्रे नातीच्या नावाची होती. त्यातले एक अर्धेच लिहून ठेवलेले होते. कागदपत्रांचे काम त्या संध्याकाळी तिथेच थांबले.

आता देवनागरीतल्या नावांकडे. हल्ली पुष्कळजण फाईलचे नाव थेट मराठीत लिहितात, आणि ते चांगलेच आहे, स्पेलिंगचा अर्धा घोळ मिटतो. पण इथे प्रश्नचिन्ह वापरू नका. आपल्याला 'श्री' एक अक्षर दिसते, कॉम्प्युटरच्या हिशेबी ती चार चिन्हे आहेत: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्यामुळे एका प्रश्नचिन्हात श्री मावत नाही. स्टारच बरा. ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. 'गणपति' आणि 'गणपती' या त्याच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, तेव्हा 'गणप' एवढेच विचारून थांबावे. 'कऱ्हाड' मधला तो अर्धा र तर दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवला जातो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात! अशा वेळी ते अक्षर टाळून 'हाड' शोधावे, ऐकायला कसेही वाटले तरी.

मंडळाच्या जुन्या फायलींची गोष्ट आणखी वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ साली आली, पण घरच्या विंडोजवर ती सहजपणे वापरता यायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर अंक शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप होत. त्या फायलींच्या आत खरे म्हणजे रोमन खुणा आहेत, फॉन्टने त्यांना मराठी मुखवटा चढवलेला. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि अगम्य अक्षरे उरतात. मग आतल्या मजकुरात 'दिवाळी' शोधून काय मिळणार? अशा फायलींना धरायला नाव हा एकच धागा. तोही आखूड, कारण विंडोज ९५ येईपर्यंत नाव आठ अक्षरांचे आणि पुढची शेपटी तीन अक्षरांची असे. त्या काळच्या सचिवांनी दिवाळी अंकाला काय काय संक्षेप दिले असतील ते देवच जाणे, पण बहुतेकांनी शेवटी साल ठेवले. तेव्हा स्टार, ९६, स्टार असे शोधून बघा. आकडे अर्थात इंग्रजी टाइप करायचे.

आकड्यांवरून आठवले. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात तो आल्याची तारीख असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०१९ च्या गणपतीचे फोटो हवे असतील तर २०१९०९ शोधावे, त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती. स्कॅनरने स्वतःहून दिलेल्या 'स्कॅन ०००१' अशा नावांवर मात्र कोणतीही युक्ती चालत नाही. ती एका पावसाळी रविवारी बसून बदलायची. ओसीआयच्या अर्जाला आईचा जुना भारतीय पासपोर्ट लागला की त्या रविवाराची किंमत कळते.

शोधताना स्टार कितीही वापरा, काही बिघडत नाही. पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून फायली पुसण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी तिथे स्टारला हात लावू नये. तशा पुसलेल्या फायली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत.

पुढच्या कार्यक्रमाला लॅपटॉप आणा, बाहेरची ड्राइव्ह असेल तर तिची वायरही आणा. आम्ही चहाच्या टेबलाजवळ असूच. आणि कोणाच्या तळघरात मंडळाच्या अंकांच्या फ्लॉप्या असतील तर त्याही घेऊन या, त्या वाचणारा ड्राइव्ह आमच्याकडे अजून चालू आहे.