बॅटरीची पेटी : पाऊस बाहेर, वारा आत

जून महिन्याच्या प्रारंभी गोमंतकात मोसमी पावसाचे आगमन होते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत किनारपट्टीवर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. शेतकरी ज्या पावसाची आतुरतेने वाट पाहतो, तोच पाऊस बॅटरीवर चालणारी तीनचाकी अथवा स्कूटर वापरणाऱ्या दिव्यांग बंधुभगिनींना चिंतेत टाकतो. केंद्र शासनाच्या १९८१ पासून चालू असलेल्या ॲडिप योजनेखाली मोटरचलित तीनचाकीही देण्यात येते. कित्येकांनी अशी वाहने स्वखर्चाने घेतली आहेत. या वाहनाच्या बळावर कोणी बाजारात दुकान मांडतो, कोणी कचेरीत जातो, कोणी मुलांना शाळेत पोहोचवतो. बॅटरी बिघडली की वाहन थांबते, आणि वाहन थांबले की माणूस पुन्हा घराच्या उंबऱ्याआड अडकतो. यास्तव बॅटरीचे रक्षण हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही.

पावसाळ्यात बाजारपेठांतून फिरताना अनेक वाहनांच्या बॅटऱ्या प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलेल्या दिसतात. पाणी आत शिरू नये हा हेतू योग्यच होय. परंतु पाण्याबरोबर हवेचीही वाट बंद होते आणि एका संकटातून सुटण्याच्या प्रयत्नात दुसरे, अधिक गंभीर संकट ओढवते.

वायूचे गणित

शिसे व आम्ल यांच्या बॅटरीचे चार्जिंग पूर्ण होत आले, की आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू निर्माण होतात. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. म्हणून तो साठल्याचे कळत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की एखादी ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. पाणी घालावयाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एका वाहनात असतील, तर त्यांचे मिळून १२ कोष होतात. चार्जिंग पुरे झाल्यावरही १ अँपिअर प्रवाह चालू राहिल्यास त्यांतून तासाभरात सुमारे ५ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. दोन लहान बॅटऱ्यांच्या पेटीत मोकळी हवा जेमतेम १०-११ लिटर उरते. म्हणजे बंद पेटीत धोक्याची पातळी अवघ्या पाच-सहा मिनिटांत गाठली जाऊ शकते!

सीलबंद बॅटरीत हे वायू बहुतांशी आतच पुन्हा एकत्र येऊन त्यांचे पाणी होते. तथापि चार्जर बिघडला, तर तिचीही झडप उघडून वायू बाहेर येतो. सबब ‘सीलबंद’ या शब्दावर विसंबून पेटी हवाबंद करणे इष्ट नव्हे. लिथियम बॅटरीची गोष्ट वेगळी आहे. तिचे वेष्टन घरी उघडू वा बदलू नये. त्यासाठी विक्रेत्याचाच सल्ला घ्यावा.

पेटी कशी असावी?

आपले जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. त्याचे छप्पर उतरते असते, वळचण भिंतीच्या पुढे आलेली असते. मुसळधार पावसातही घर कोरडे राहते आणि वाराही खेळतो. बॅटरीची पेटी याच तत्त्वावर बांधावयाची आहे.

प्रथम बॅटऱ्या मोजून घ्याव्यात. उदाहरणार्थ, प्रत्येक बॅटरी २० सेंटिमीटर लांब, १३ रुंद व १८ उंच असेल, तर दोहोंसाठी पेटी आतून ३२ बाय २४ सेंटिमीटर ठेवावी. म्हणजे चारही बाजूंस व मध्ये २ सेंटिमीटर जागा सुटते. एका बाजूची उंची २६ व समोरच्या बाजूची २९ सेंटिमीटर ठेवावी, जेणेकरून झाकणास उतार मिळेल. १२ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लायवूड चालतो. त्यास आतून-बाहेरून इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत. आमच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू टिकत नाहीत, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

तळाशी २ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या ठोकून त्यांवर बॅटऱ्या ठेवाव्यात आणि तळाच्या कोपऱ्यांत पाणी निथळण्यासाठी लहान भोके पाडावीत. दोन बॅटऱ्यांचे वजन २० किलोच्या घरात जात असल्याने त्या पट्ट्याने घट्ट आवळाव्यात.

हायड्रोजन हवेहून पुष्कळच हलका असल्याने तो वर चढतो. म्हणून उंच बाजूच्या भिंतीत, झाकणाच्या अगदी लगत, २५ मिलिमीटर व्यासाची तीन भोके असावीत. समोरच्या भिंतीत तेवढीच भोके तळापासून थोड्या उंचीवर पाडावीत. खालून ताजी हवा आत येईल, वरून वायू निघून जाईल. चाकाचे शिंतोडे ज्या बाजूस उडतात, ती बाजू भोकांसाठी टाळावी. प्रत्येक भोकावर खाली तोंड असलेली छोटी छपरी व आतून बारीक जाळी बसवावी. झाकण चोहोबाजूंनी ४-५ सेंटिमीटर पुढे आलेले असावे.

तारा भिंतीतून, रबरी बुश घालून आत न्याव्यात. बाहेर त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाशीच गळून पडते. फ्यूज बॅटरीच्या जवळ, परंतु पेटीबाहेर झाकलेल्या जागी असावा. चार्जर व स्विच यांनाही पेटीत थारा नको. वाहनाची हमी-मुदत चालू असल्यास चौकटीस भोक पाडण्यापूर्वी पुरवठादारास विचारावे. बॅटरी जागेवर असताना वेल्डिंग मुळीच करू नये.

वापर व निगा

चार्जिंग पडवीत अथवा बल्कांवात, झाकण उघडून करावे. निजायच्या खोलीत नव्हे. जवळ समई, उदबत्ती अथवा पेटती विडी नसावी. चार्जरचा मुख्य स्विच बंद केल्यावरच तारा सोडवाव्यात, अन्यथा ठिणगी उडते. टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावावी. महिन्यातून एकदा जाळी व निथळभोके साफ करावीत, कारण कोळ्याचे एक जाळेही हवेची वाट अडवू शकते. पेटीस फिकट रंग द्यावा व वाहन सावलीत उभे करावे. बॅटरीचे तापमान २५ अंशांपेक्षा सतत १० अंशांनी अधिक राहिले, तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. आम्ल अंगावर उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेल्यास डोळा धूत राहून तातडीने डॉक्टरांकडे जावे. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचाही तोच उद्देश आहे.

ही पेटी गावचा कोणीही सुतार करू शकेल. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी आपल्या शेजारच्या अशा एखाद्या वाहनाकडे वाचकांनी अवश्य पाहावे. बॅटरीभोवती प्लॅस्टिक गुंडाळलेले दिसल्यास ते सोडवून, पाऊस बाहेर ठेवणारी व वारा आत घेणारी पेटी करून देण्यास हातभार लावावा.