शिवणीचा दोरा सुती की पॉलिएस्टर? कसं ओळखाल?

कापड चांगलं, शिलाईही चांगली. तरी दोन-चार धुण्यांत शिवणीला चुण्या पडतात किंवा इस्त्री फिरवताच टाके सुटतात. असं का होतं? अनेकदा कारण दोऱ्यात असतं.

रिळावरचं लेबल निघालं असेल, तर दोरा जाळून पाहा. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि टोकाला ज्योत लावा.

सुती दोरा : चटकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, मऊ राखाडी राख उरते.

रेशीम : केस जळल्यासारखा वास येतो, काळी राख बोटांनी चुरडते.

पॉलिएस्टर, नायलॉन : आक्रसून वितळतात, थंड झाल्यावर कडक मणी बनतो. तो गरम असताना हात लावू नका, चटका बसतो.

इस्त्रीत काय होतं?
सुती कपड्यांसाठी इस्त्री साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पॉलिएस्टर 250 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून सहसा टिकतं. नायलॉनचा एक प्रकार मात्र 220 अंशांच्या आसपासच वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो. त्यामुळे साडीच्या फॉलला पारदर्शक नायलॉन दोरा लावला असेल, तर इस्त्री मंद ठेवा.

धुण्यात काय होतं?
सुती दोरा आटतो, पॉलिएस्टर जवळजवळ पाणी शोषत नाही. म्हणून सिंथेटिक कापडावर सुती दोरा वापरला, की दोरा आटतो, कापड तसंच राहतं आणि शिवण गोळा होते. अशा कापडाला पॉलिएस्टर दोराच बरा.