तिचे चिलखत अपुरे का?

मागील वर्षी एका शाळेत विज्ञानाच्या गप्पा मारण्यासाठी आम्ही गेलो होतो. विषय होता बल आणि आघात. ढाल, चिलखत, शिरस्त्राण यांचे आकार तसेच का असतात, हे सांगून झाले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा आठवीतील एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, माझ्या दादाच्या मोबाइलवर लढाईचा खेळ आहे. त्यात मुलगा निवडला की गळ्यापासून पायापर्यंत चिलखत मिळतं. मुलगी निवडली की तेच चिलखत पोट उघडं टाकतं. तिला लागत नाही का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढचा प्रश्न घेतला. घरी परतताना मात्र चुटपुट लागून राहिली. प्रश्न अगदी शास्त्रीय होता आणि तो आम्ही हसण्यावारी नेला होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम चिलखताचेच पाहू. युरोपातील जुन्या योद्ध्यांचे छातीवरचे चिलखत मध्यभागी फुगीर असे. त्यावर भाल्याचा आघात तिरपा बसतो. तिरप्या पृष्ठभागावर बलाचे दोन घटक होतात, हे आपण शिकवतोच. पृष्ठभागाला लंब असणारा घटक पत्रा दाबतो, समांतर घटक भाल्याचे टोक बाजूला घसरवतो. आता खेळांतील स्त्री-योद्ध्याचे चिलखत डोळ्यांसमोर आणा. पत्र्याला दोन फुगवटे आणि मध्ये खोलगट दरी. इथेही टोक घसरेल, पण ते दरीत, म्हणजे नेमके छातीच्या मधल्या हाडावर. त्यामागे हृदय असते. जे चिलखत वार दूर लोटण्यासाठी असते तेच येथे वाराला वाट दाखवते. पोट उघडे असेल तर प्रश्नच मिटला. याचा अर्थ असा की, चित्रकाराने 'हिचे रक्षण होईल का' हा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही. 'ही कशी दिसेल, आणि कोणाला' हा विचारला आहे.

आपोआप काहीच येत नाही

छायाचित्रात न ठरवलेल्या गोष्टीही येतात. मागचे झाड, उडणारा कावळा, कोणाचा तरी हात. व्हिडिओ खेळाच्या पडद्यावर तसे होत नाही. तिथे जे दिसते ते कोणीतरी ठरवून घातलेले असते. म्हणूनच हे खेळ अभ्यासाला सोपे आहेत. प्रत्येक गोष्टीबद्दल 'हे कोणी, का ठरवले?' असे विचारता येते. पुष्कळदा 'यंत्राची मर्यादा' हे उत्तर मिळते. ते काही वेळा खरे असते, काही वेळा नसते. फरक कसा ओळखायचा ते पाहू.

१९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'डाँकी काँग' हा खेळ आला. शिगेरु मियामोतो यांनी तो रचला. त्यातील नायक (जो पुढे मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला) जेमतेम सोळा ठिपके उंच होता. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून मिशी दिली. केस काढायला नकोत म्हणून टोपी घातली. ही खरी यांत्रिक मर्यादा. पण त्याच पडद्यावर वरच्या मजल्यावर गुलाबी झग्यातील एक स्त्री उभी आहे. तिला माकडाने पळवले आहे आणि ती मदतीसाठी ओरडते. खेळभर तिचे काम एवढेच. नायकाला मिशी ठिपक्यांनी दिली. ती वर आणि तो खाली, ती वाट पाहणार आणि तो सोडवणार, हे मात्र ठिपक्यांनी ठरवलेले नव्हते.

खूण कोणाला लावायची?

१९८० चा 'पॅक-मॅन' हा खेळ म्हणजे एक पिवळे वर्तुळ आणि त्याचे उघडझाप करणारे तोंड. खेळघरांत स्त्रियांनीही यावे, हा त्याचे कर्ते तोरु इवातानी यांचा हेतू होता. १९८२ साली अमेरिकेत 'मिस पॅक-मॅन' आला. तेच वर्तुळ, पण डोक्यावर लाल फीत, ओठांना लाली आणि गालावर तीळ. या खेळात एकाऐवजी चार चक्रव्यूह होते, भुतांच्या चाली कमी ठोकळेबाज होत्या. खेळ म्हणून तो अधिक सरस मानला जातो आणि त्याची लाखाहून अधिक यंत्रे विकली गेली. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्तुळाला काहीच लावले नाही तर तो पुरुष. स्त्री व्हायला फीत लागते. आपल्याकडे 'डॉक्टर' म्हटले की पुरुष समजायचा आणि बाई असेल तर 'लेडी डॉक्टर' म्हणायचे, तसेच हे. पुरुष हे गृहीत आणि स्त्री ही त्यावर जोडलेली खूण.

हे गृहीत किती पक्के असते, हे १९८६ च्या 'मेट्रॉइड'वरून कळते. नायक सॅमस अरान संपूर्ण चिलखतात असतो. खेळाच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख पुरुषवाचक सर्वनामाने केला होता. खेळ पाच तासांच्या आत संपवला की शेवटी शिरस्त्राण निघते आणि आतून स्त्री दिसते! कित्येक खेळाडू थक्क झाले. येथवर ठीक. पण जितक्या कमी वेळात खेळ संपवावा तितके तिचे कपडे कमी. तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत दिसते. खेळभर पराक्रम तिचा, आणि शेवटी बक्षीस म्हणून तिचेच शरीर. एकाच खेळात एक पाऊल पुढे आणि एक मागे पडले ते असे.

त्रिकोणांची नायिका

१९९६ साली इंग्लंडमधील कोअर डिझाइन या कंपनीचा 'टूम रेडर' आला. टोबी गार्ड यांनी घडवलेली त्याची नायिका लारा क्रॉफ्ट ही पुराणवस्तू शोधणारी, हुशार आणि धाडसी होती. आता पात्रे ठिपक्यांची राहिली नव्हती. त्रिमितीतील शरीर सपाट त्रिकोण जोडून बनवतात. त्रिकोण जितके अधिक तितका गोलवा चांगला, पण यंत्राला हिशेबही तितकाच अधिक. कागदाच्या चार त्रिकोणांतून चेंडू करू पाहिला तर टोकदार सुळकाच होतो. लाराची छाती पहिल्या खेळात टोकदार दिसते ती यामुळेच. तिची लांब वेणीही पहिल्या खेळात धावताना दिसत नाही, कारण वेणीची हालचाल जमवणे कठीण होते. १९९७ च्या दुसऱ्या भागात ती आली.

मग टोकदारपणाचा दोष त्रिकोणांचा, पण आकारमानाचा? सुळका लहानही काढता आला असता. थंडीच्या प्रदेशातील गुहेत आखूड चड्डीच हवी, असा यंत्राचा काही आग्रह नव्हता. २०१३ साली क्रिस्टल डायनॅमिक्स या अमेरिकन कंपनीने लारा नव्याने घडवली. तिला लांब विजार मिळाली आणि शरीराची प्रमाणे खऱ्या माणसाजवळ आली. कथा लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख ऱ्हिआना प्रॅचेट या स्त्री होत्या. यंत्र सुधारले होते हे खरे. पण विजार घालायला सुधारित यंत्र लागत नाही.

'काम दुप्पट होईल'

२०१४ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या खेळात चौघांनी मिळून खेळायची सोय होती, पण चौघेही पुरुषच. स्त्री-पात्रासाठी नव्या हालचाली आणि नवे कपडे करावे लागतील, काम फार वाढेल, असे कारण देण्यात आले. हे तपासून पाहू. त्रिमितीतील पात्राच्या आत अदृश्य हाडांचा सांगाडा असतो. चालणे, उडी, वार या हालचाली सांगाड्याला शिकवतात. वरची कातडी त्याच्यामागून ओढली जाते. म्हणून एका पात्राच्या हालचाली थोड्या फेरफाराने दुसऱ्यालाही देता येतात. याच मालिकेतील आधीच्या एका खेळाच्या हालचालींचे काम पाहिलेले जोनाथन कूपर यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितले की, आपल्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचे काम आहे. पुढे २०१८ साली याच मालिकेत नायक किंवा नायिका यांपैकी कोणीही निवडण्याची सोय झाली आणि कसांड्रा ही नायिका खेळाडूंना फार आवडली.

मोजून पाहिले तेव्हा

एकेक उदाहरण घेऊन वाद संपत नाही. म्हणून संशोधकांनी मोजणी केली. दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १५० खेळांतील साडेआठ हजारांहून अधिक पात्रे मोजली. त्यांत स्त्रिया सुमारे १५ टक्के होत्या. २०१६ साली टेरेसा लिंच आणि सहकाऱ्यांनी १९८३ ते २०१४ या काळातील ५७१ स्त्री-पात्रे तपासली. अंगप्रदर्शनाचा कळस १९९० च्या दशकात होता आणि नंतर तो उतरत गेला, असे आढळले. मात्र स्त्रिया अजूनही दुय्यम भूमिकांतच अधिक होत्या. २०२३ साली ५० खेळांतील संवादांची मोजणी प्रसिद्ध झाली. पुरुष-पात्रांच्या वाट्याला स्त्री-पात्रांच्या सुमारे दुप्पट शब्द आले होते. म्हणजे कपडे वाढले, शब्द अजून वाढायचे आहेत.

याचा परिणाम काय होतो? येथे जपून बोलले पाहिजे. २०१३ च्या एका प्रयोगात आभासी जगात तोकड्या कपड्यांतील शरीर 'धारण' केलेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार अधिक आले. पण प्रयोगशाळेतील काही मिनिटांवरून आयुष्याचे अनुमान काढता येत नाही, आणि सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखेही नाहीत. खेळ पाहून मुले बिघडतात, असे सरसकट म्हणणे शास्त्रीय नाही. पण खेळात आपली जागा कोणती दाखवली आहे, हे मुलीला दिसते. आठवीतल्या त्या मुलीला ते दिसले होतेच.

वर्गात काय करता येईल?

एखाद्या खेळातील पुरुष आणि स्त्री योद्ध्याची वर्गाला साजेशी चित्रे घ्या. आलेख कागदावर दोघांची बाह्याकृती गिरवा. एकूण चौकोन मोजा, मग चिलखताने झाकलेले चौकोन मोजा आणि शेकडेवारी काढा. दुसरी कृती अदलाबदलीची: तिचा पोशाख आणि उभे राहण्याची ढब त्याला द्या. चित्र हास्यास्पद वाटले, तर का वाटले यावर चर्चा करा. तिसरी कृती आपल्या घरचीच: पाठ्यपुस्तकातील चित्रांत कोण काय करते याची यादी करा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष दोघे मिळून भाजी निवडतानाचे चित्र आले, तेही कोणीतरी विचार करून ठरवल्यामुळेच आले.

आणि हे ठरवणारे दूरदेशीच असतात असे नाही. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीने 'राजी' हा खेळ काढला. त्यात धाकट्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला बहीण निघते. डाँकी काँगमधली ती वरच्या मजल्यावरची स्त्री खाली उतरली, म्हणा ना.

त्या मुलीला आज भेटलो तर सांगू, "लागतं ना. तुझा प्रश्न बरोबर होता. चिलखत अपुरं आहे, कारण ते बनवणाऱ्यानं तिला लढणारी मानलंच नाही. आलेख कागद घे, मोजून दाखव, आणि दादालाही मोजायला बसव."