नवे ई-बुक रीडर आणले. पण आई-वडिलांचे डोळे तपासले का?

समजा, तुमचे आई-वडील धरणगावला राहतात आणि तुम्ही नोकरीसाठी पुण्याला. फोनवर वडील म्हणतात, "हल्ली पेपर वाचवत नाही रे, अक्षरे फार बारीक करून ठेवली आहेत." पेपर तोच असतो आणि अक्षरेही तेवढीच. मग दिवाळीला गावी जाताना तुम्ही एखादे नवे ई-बुक रीडर घेऊन जाता. बालकवींच्या जन्मगावी वाचनाची आवड असलेले घर, त्यामुळे भेट आवडतेही. अक्षर मोठे केले की वडील पुन्हा वाचू लागतात आणि सगळ्यांना बरे वाटते.

भेट चांगलीच आहे. फक्त अक्षर मोठे केल्याने वाचता येते, डोळ्याचा आजार बरा होत नाही. हा फरक लक्षात न राहिल्यास आजार झाकला जाऊ शकतो.

या स्क्रीनमध्ये वेगळे काय?

उदाहरणादाखल एप्रिल 2025 मध्ये भारतात आलेले नवे किंडल पेपरव्हाइट घेऊ. स्क्रीन 7 इंची आणि वजन सुमारे 211 ग्रॅम, म्हणजे जाडजूड कादंबरीपेक्षा बरेच हलके. संधिवात असलेल्या हातांना हा फरक लगेच जाणवतो.

मोबाइलची स्क्रीन स्वतः उजळते आणि तो प्रकाश थेट डोळ्यात येतो. ई-रीडरच्या स्क्रीनमध्ये काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात. विजेच्या भाराने ते वर-खाली होऊन अक्षर तयार होते. आजूबाजूचा प्रकाश त्यावर पडून परततो, अगदी कागदासारखा. म्हणूनच खानदेशातल्या लख्ख उन्हातही ओसरीवर बसून ते वाचता येते. अंधारात वाचण्यासाठी कडेला छोटे दिवे असतात. त्यांचा प्रकाश पानावर पसरतो.

डोळ्यांना आराम मिळतो का?

बऱ्याच जणांना मिळतो. चमक कमी असते, अक्षर स्थिर आणि ठळक असते. पण डोळे दुखण्याचे कारण नेहमी स्क्रीनच असते असे नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी मिटतो. एकाग्र होऊन वाचताना हे प्रमाण बरेच घटते, मग समोर मोबाइल असो की कागद. डोळ्यातला ओलावा सुकतो, चुरचुर होते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 20 फुटांवर पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात.

पिवळसर प्रकाशाची सोय असते, ती आवडत असेल तर जरूर वापरा. मात्र त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असा ठोस पुरावा नाही. झोपेचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात झोपण्यापूर्वी उजळ टॅबलेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप लागायला सरासरी सुमारे 10 मिनिटे जास्त लागली. ई-रीडरचा प्रकाश टॅबलेटपेक्षा सौम्य ठेवता येतो. रात्री तो शक्य तितका मंद ठेवा.

"यातही दिसत नाही" असे म्हणाले तर

आधी फाइल कोणती आहे ते पाहा. ई-बुक म्हणून तयार केलेल्या पुस्तकाचे अक्षर हवे तेवढे वाढवता येते. जुनी मराठी पुस्तके मात्र बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पीडीएफ स्वरूपात असतात. त्यात पानाचा फोटोच असल्याने नुसते अक्षर वाढत नाही. पूर्ण पान 7 इंचात बसवले की अक्षर मुंगीएवढे होते. तो दोष डोळ्यांचा नाही.

चष्मा कोणता लावला आहे तेही पाहा. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यासाठी वेगळा नंबर लागतो आणि तो साठीपर्यंत हळूहळू वाढत जातो. रस्त्यावरून घेतलेल्या तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. तुमच्या डोळ्यांना तो जुळेलच असे नाही.

अक्षराच्या आकाराची नोंद ठेवा

योग्य चष्मा लावून, चांगल्या उजेडात, हातभर अंतरावरून सहज वाचता येईल असा सर्वांत लहान आकार निवडा. तो कितवा आहे ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. काही महिन्यांत आकार सारखा वाढवावा लागत असेल, तर डोळे तपासून घ्यायची वेळ झाली आहे.

मग एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. हे महत्त्वाचे आहे, कारण एक डोळा चांगला असेल तर दुसऱ्याचा बिघाड वर्षानुवर्षे कळत नाही. देवनागरीत बारकावे पुष्कळ आहेत. "धरणगाव"मधला ध आणि "घर"मधला घ यांत फरक असतो तो ध च्या सुरुवातीच्या गाठीचा आणि तुटलेल्या शिरोरेषेचा. भ आणि म यांचेही तसेच. अशी अक्षरे चुकू लागली, अनुस्वार दिसेनासे झाले, तर नजर धूसर होत असू शकते.

कोणते आजार झाकले जाऊ शकतात?

- मोतीबिंदू: धूसर दिसते, समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, नंबर वारंवार बदलतो. शस्त्रक्रियेने नजर बहुधा चांगली सुधारते.
- मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा: सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मधुमेह असल्यास दिसण्याची तक्रार नसली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.
- काचबिंदू: आधी कडेची नजर जाते, त्यामुळे वाचन बराच काळ चालू राहते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र उपचारांनी जपता येते.
- पडद्याच्या मध्यभागाचा आजार: ओळी वाकड्या दिसतात, शब्दातले मधलेच अक्षर गायब होते.

थांबू नका

अचानक दिसेनासे होणे, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटणे, प्रकाशाच्या चमका किंवा काळ्या ठिपक्यांचा एकाएकी वर्षाव, लाल डोळ्यासोबत तीव्र वेदना व उलटी, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. धरणगावाहून जळगाव दूर नाही. "दिवाळी झाल्यावर बघू" म्हणू नका.

तेव्हा ई-रीडर जरूर घ्या. पण सुट्टीतली एक सकाळ आई-वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी राखून ठेवा, आणि पुस्तकातला अक्षराचा आकार तपासणीनंतर ठरवा.