फुलीवरच्या रेघा

काच आणि डोळा : लेखांक 7

“काका, पाच ते पंचवीसचा घेऊ की तीन ते पंधराचा?”

डेन्व्हरहून पुतण्याचा फोन आला तेव्हा तिकडे रात्रीचे दहा वाजले होते आणि इथे माझा सकाळचा दुसरा चहा चालला होता. गोष्ट गेल्या एप्रिलमधली. त्याला रायफलवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप घ्यायचा होता. कोलोरॅडोत शिकारीचा परवाना हवा असेल तर 1949 सालापासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो याने केला होता, आणि ऑक्टोबरात मित्रांबरोबर एल्कच्या मागावर जायचं ठरलं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरीण. पुरा वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, याचं मला समाधानच आहे. तिकडे मात्र ती परवाना आणि हंगाम ठरवून कायद्याने चालते. तिथे जो जाणार, त्याच्या हातून जनावर अर्धवट जखमी होऊन रानात तडफडत राहू नये, असं मला फार वाटतं. म्हणून मी त्याला उलटा प्रश्न केला : “पंधरा-पंचवीसचं नंतर बघू. आत फुली कुठली आहे?”

त्याला प्रश्न कळला नाही. बहुतेकांना कळत नाही. दुकानात स्कोप विकला जातो तो ‘किती पट मोठं दिसतं’ यावर. पण मोठं दिसणं ही निम्मीच बाजू झाली. आपल्या नेमबाज स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये 2024 साली कांस्यपदक घेतलं ते 50 मीटरवर, जिथे दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं, आणि त्या प्रकारात मोठं करून दाखवणारी दुर्बीण लावायला परवानगीच नाही. बारीक भोकाच्या साइटमधून नेम धरायचा. अंतर कायम 50 मीटर, त्यामुळे साइट त्या अंतराला एकदा बसवली की झालं. रानात अंतर कुणी आखून ठेवत नाही. सावज दीडशे यार्डांवर उठेल किंवा चारशेवर. यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार, तीन फुटांचा. प्रत्येक अंतराला गोळी वेगळी खाली येते. ती किती खाली येणार हे समजून घेऊन तेवढा नेम वर धरायचा, यासाठी स्कोप लागतो. स्कोप हे मोजण्याचं यंत्र आहे.

हे मला रायफलीने शिकवलं नाही, थिओडोलाइटने, म्हणजे जमीनमोजणीच्या दुर्बिणीने शिकवलं. डिप्लोमाला असताना सर्व्हेच्या कॅम्पमध्ये उन्हात ट्रायपॉड रोवून आम्ही आळीपाळीने त्यात डोळा घालत असू. आत उभी-आडवी फुली दिसायची, आणि आडव्या रेघेच्या वर-खाली आणखी दोन आखूड रेघा. त्यांना स्टेडियाच्या तारा म्हणतात. समोर मित्र स्टाफ, म्हणजे मापं आखलेली उंच पट्टी, धरून उभा. त्या दोन तारांमध्ये स्टाफचा जेवढा तुकडा येईल त्याला शंभराने गुणायचं, की मित्रापर्यंतचं अंतर मिळालं. तुकडा 0.64 मीटरचा आला तर मित्र 64 मीटरवर. पहिल्यांदा साखळी टाकून ते ताडून पाहिलं आणि जमलं, तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

दुर्बिणीत फुली घालण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमधला विल्यम गॅस्कोइन हा तरुण ग्रह-ताऱ्यांचं निरीक्षण करत असे. 1640 च्या आसपासची गोष्ट. त्याच्या दुर्बिणीच्या आत एका कोळ्याने तंतू ताणला, आणि तो नेमका भिंगाच्या केंद्रप्रतलात आल्यामुळे चित्राबरोबर स्वच्छ दिसू लागला. त्यावरून त्याने मोजमापाचं साधन बनवलं. 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. पुढे बराच काळ उपकरणांच्या फुल्या खऱ्याखुऱ्या कोळ्याच्या तंतूच्या असत. आज बहुतेक चांगल्या स्कोपमध्ये त्या काचेवर कोरलेल्या असतात आणि त्यांना रेटिकल म्हणतात.

रेटिकलवरच्या खुणा दोन मापांत येतात. एक ‘मिनिट ऑफ अँगल’, म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर तो एका इंचाहून किंचित जास्त, 1.047 इंच भरतो. दुसरं माप मिल, म्हणजे मिलिरेडियन. यात हिशेब हजाराचा : हजार मीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर, शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. अर्धा मीटर उंचीची लोखंडी पाटी एका मिलमध्ये बसली तर ती पाचशे मीटरवर आहे. ही आमची स्टेडियाच, फक्त शंभराच्या जागी हजार. आता अंतर सांगायला लेझरचं यंत्र असतं, तरी गोळी कुठे पडली आणि किती सरकवायची ते याच खुणांवर वाचतात.

दोन्हींपैकी कुठलंही माप घ्या, काही बिघडत नाही. पण रेटिकल आणि वरची फिरवायची चकती, जिला टरेट म्हणतात, ही दोन्ही एकाच मापाची हवीत. आत मिलच्या खुणा आणि चकतीवर मिनिटं, असे स्कोप पूर्वी पुष्कळ विकले गेले, अजूनही सेकंडहँड मिळतात. एक मिल म्हणजे 3.44 मिनिटं. थंडीत बोटं गारठलेली असताना हा गुणाकार करायची वेळ का आणायची?

आता खरी मेख. पट बदलणाऱ्या स्कोपमध्ये रेटिकल दोनपैकी एका जागी, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या केंद्रप्रतलात बसवलेलं असतं. पहिल्या प्रतलात असेल तर दृश्य जसं मोठं होतं तसं रेटिकलही मोठं होतं, आणि खुणांचं माप कुठल्याही पटीला खरंच राहतं. दुसऱ्या प्रतलात असेल तर दृश्य मोठं-लहान होतं, फुली मात्र आहे तेवढीच दिसते. तिच्या खुणा एकाच पटीला खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या.

पुतण्याचा एक जुना सहकारी याच ठिकाणी फसला होता. त्याचा स्कोप दुसऱ्या प्रतलाचा, तीन ते पंधराचा. रायफल 6.5 क्रीडमूर काडतुसाची, दोनशे यार्डांना झिरो केलेली, म्हणजे नेम त्या अंतराला जुळवलेला. चारशेवर तिची गोळी सुमारे वीस इंच खाली येते, म्हणजे साधारण 1.4 मिल. सावज समोर आलं, त्याने 1.4 च्या अंदाजाने खूण धरली आणि चाप ओढला. पण पट होती साडेसात. निम्म्या पटीला खुणेचं माप दुप्पट, म्हणजे नेम वीस इंच जास्त वर. गोळी एल्कच्या पाठीवरून निघून गेली. ओरखडाही न उमटता गेली, हे त्या एल्कचं नशीब. एल्कचं काळीज-फुप्फुस असतं तो भाग साधारण सव्वा फुटाचा. गोळी थोडी खालून गेली असती तर काय झालं असतं, हे त्या गृहस्थांनी मला सांगितलं तेव्हाही त्यांचा चेहरा उतरला होता.

मग सगळ्यांनी पहिलं प्रतलच घ्यावं का? तसंही नाही. पहिल्या प्रतलातली फुली तीन पटीला केसासारखी बारीक होते. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढाच वेळ शिकारीला मोकळा असतो, आणि एल्क झाडीबाहेर येतो तो नेमका त्या दोन टोकांना. काळ्या झाडीवर केसाएवढी रेघ दिसत नाही. जर्मनीत रानडुकराची शिकार मचाणावरून चांदण्यात होते, म्हणून तिकडच्या जुन्या फुल्या पाहाव्यात : तीन बाजूंनी जाड पट्ट्या आणि मधे बारीक फुली, मोजमाप जवळजवळ नाहीच. आणि स्कोप आठ पटीचा, 56 मिलिमीटर भिंगाचा. छप्पन्न भागिले आठ, सात. काचेतून निघणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटरचा, आणि अंधारात तरुण डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त साधारण तेवढीच उघडते. भागाकार इतका साधा आहे, तरी दुकानात कुणी करत नाही. 44 चं भिंग पंधरा पटीला तीन मिलिमीटरांहून कमी झोत देतं. दुपारी चालेल, तिन्हीसांजेला चित्र काळवंडेल. सहा पटीला आणलं की सात मिलिमीटर, आणि झाडाखालचं जनावर पुन्हा दिसतं.

पंचवीस पटीचा मोह सोड, असं मी म्हणालो त्याचं एक कारण हे. दुसरं कारण ऑगस्टमध्ये तिकडे गेलो तेव्हा डोळ्यांनीच पाहिलं. न्यू मेक्सिकोत रॅटन गावाजवळ व्हिटिंग्टन सेंटर नावाचं नेमबाजीचं प्रचंड मैदान आहे. तिथे 1,123 यार्डांवर लोखंडी पत्र्याचा पांढरा गवा उभा केलाय, खऱ्या गव्याएवढा. सकाळी आठला तो पंचवीस पटीत इतका स्वच्छ दिसत होता की शिंग मोजावं. अकरा वाजता त्याच स्कोपमधून पाहिलं तर गवा पाण्यात सोडल्यासारखा थरथरत होता. जमीन तापली की हवेचे थर हलतात, आणि काच जितकी मोठं दाखवते तितकंच ते हलणंही मोठं दाखवते. आपल्या भाषेने त्याला मृगजळ म्हटलंय. शेजारच्या म्हाताऱ्या नेमबाजाने बारा पटीला स्कोप आणला आणि त्या थरथरीचा कल पाहत बसला. ती ज्या बाजूला वाहते त्या बाजूला वारा. मग त्याने फुलीच्या आडव्या रेघेवरच्या खुणांनी वाऱ्याविरुद्ध नेम धरला, बार काढला, आणि बऱ्याच वेळाने लोखंडाचा टण्ण आवाज आला.

लांब पल्ल्यात खरा शत्रू वाराच आहे. खाली येणं गणिताने कळतं, वारा अंदाजानेच धरावा लागतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा चारशे यार्डांवर त्याच 6.5 क्रीडमूरची गोळी नऊ-दहा इंच सरकवतो. म्हणून रेटिकलच्या आडव्या रेघेवर खुणा हव्यातच. काही रेटिकलमध्ये फुलीच्या खाली ठिपक्यांचा पिसाराच असतो, प्रत्येक मिलला वाऱ्याच्या वेगळ्या खुणा. ज्या स्पर्धांत दीड-दोन मिनिटांत वेगवेगळ्या अंतरांवरच्या पाच-सहा पाट्यांवर नेम धरायचा असतो, तिथे चकती फिरवायला वेळ नसतो, म्हणून हा पिसारा उपयोगाचा. रानात मात्र झाडीच्या फांद्यांत ते ठिपके मिसळून जातात. माझ्या मते शिकाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी पुतण्याने तीन ते पंधराचा घेतला : पहिलं प्रतल, मिलचं रेटिकल, कडेच्या पट्ट्या जाड आणि मधोमध दिवा लागणारा ठिपका, म्हणजे कमी पटीलाही संध्याकाळी निभावेल. पाट्यांसाठी चकती फिरवायची, रानात घाई असेल तर खुणेवर धरायचं. पॅरॅलॅक्सची चकती बाजूला होती. डोळा थोडा हलवल्यावर फुली लक्ष्यावर सरकू लागली तर ती फिरवून बसवायची, एवढंच तिचं काम.

स्कोप बसवताना मी ओळंबा मागितला. आधी त्याला हसू आलं, कारण ओळंबा त्याने गावी घर बांधताना गवंड्याच्या हातात पाहिला होता, त्यानंतर कधी नाही. एका दोरीला नट बांधून आम्ही तो गॅरेजच्या टोकाला टांगला, रायफल पातळीत धरली, आणि फुलीची उभी रेघ दोरीवर बसेपर्यंत स्कोप रिंगांमध्ये फिरवला. मगच स्क्रू आवळले. तेही आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कारण जास्त आवळलं तर नळी दबते. फुलीचा तिरकेपणा भीती वाटावी असाच आहे. हजार यार्डांसाठी आठ-साडेआठ मिल, म्हणजे सुमारे 25 फूट नेम वर चढवावा लागतो. रायफल तीन अंश कलली तरी त्यातले सव्वा फूट आडवे जातात, आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

मग चकतीची परीक्षा. शंभर यार्डांवर उंच पुठ्ठा, त्यावर ओळंब्याने आखलेली उभी रेघ. आधी खालच्या ठिपक्यावर तीन गोळ्या. मग चकती दहा मिल वर, नेम त्याच ठिपक्यावर, पुन्हा तीन गोळ्या. शंभर यार्डांवर दहा मिल म्हणजे बरोबर छत्तीस इंच, एक वार. त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली होती. मोजलं, तर सव्वापस्तीस. आम्ही पुन्हा गोळ्या झाडल्या, पुन्हा सव्वापस्तीस. पाऊण इंच क्षुल्लक वाटतो, पण ती दर शंभरामागे दोनची चूक आहे. रॅटनच्या त्या गव्यावर ती सात-आठ इंच झाली असती. पुठ्ठ्याचा फोटो आणि टेप पाहून दुकानदाराने स्कोप बदलून दिला. दुसरा बसवला, ओळंबा पुन्हा टांगला, पुन्हा सहा गोळ्या. छत्तीसला टेप संपली.

सप्टेंबरात मी निघालो त्या सकाळी तो जेवणाच्या टेबलावर बसून कागदाची पट्टी कापत होता. स्कोपच्या अंगावर चिकटवायची, म्हणजे रानात वही काढायला नको. बारीक अक्षरात लिहिलं होतं : 300 – 0.6, 350 – 1.0, 400 – 1.4. खाली बोटभर कागद कोरा उरला होता. पुढचे आकडे त्याला पाठ होते, पाट्यांवर त्याने सातशेपर्यंत नेम धरला होता. त्याने कात्री घेतली आणि 400 च्या खाली कागद कापून टाकला.