तीन लाख उंदीर आणि एक उंदीर

सीमाभागातील जुन्या घरांतून काळ मोजण्याची एक निराळी रीत होती. शक आणि सन कागदोपत्री लिहावयाचे. बोलताना मात्र ‘प्लेगाच्या आधी बांधलेला वाडा’, ‘प्लेगात गेलेली थोरली सून’, ‘प्लेगाच्या साली माळावर जन्मलेला’ अशीच भाषा असे. निपाणीच्या पेठेत, चिकोडीच्या बाजूच्या खेड्यांत, बेळगाव-शहापूरच्या गल्ल्यांत ही कालगणना दोन-तीन पिढ्या चालली. ती बोलणारी माणसे आता जवळजवळ संपली. आणि नेमक्या याच वेळी प्लेग त्याच घरांत एका अनपेक्षित वाटेने पुन्हा शिरला आहे. मुलांच्या संगणकावरील खेळातून.

त्या खेळाचे नाव ‘अ प्लेग टेल’. फ्रान्समधील बोर्दो शहरी असलेल्या आसोबो स्टुडिओने तो रचला. पहिला भाग २०१९ साली निघाला, दुसरा २०२२ साली. काळ १३४८ चा. फ्रान्सची भूमी, इंग्रजांशी चाललेले शतवार्षिक युद्ध, आणि त्यात उसळलेली महामारी. अमिसिया ही पंधरा वर्षांची सरदारकन्या आपल्या पाच वर्षांच्या भावाला, ह्यूगोला, घेऊन रानोमाळ पळते आहे. ह्यूगोच्या रक्तात ‘माकुला’ नावाचा एक गूढ दोष जन्मापासून आहे आणि धर्मपीठाचे शिपाई त्याच्या मागावर आहेत. अमिसियेचे हत्यार गोफण! जोंधळ्याच्या राखणीला बसलेल्या आपल्याकडच्या पोरांना ती लगेच ओळखू येईल. भुईतून उंदरांचे लोंढे उसळतात आणि माणसाला पाहता पाहता फस्त करतात. ते फक्त उजेडाला भितात. मशाल विझली की कारभार आटोपला. पहिल्या भागात पडद्यावर एका वेळी पाच हजार उंदीर दिसत, दुसऱ्या भागात तीन लाखांपर्यंत दिसतात, असे त्याचे कर्ते अभिमानाने सांगतात.

‘असे खरेच झाले होते का?’ असे मुले विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते. ज्या घरात तो विचारला जातो त्याच घरात त्याचे निम्मे उत्तर पडून असते, आणि ते उत्तर खेळातल्या दंतकथेहून अधिक नेमके आहे.

आपल्याकडच्या प्लेगकथेत उंदीर तीन लाख नसतात. एकच असतो. तो कोठीच्या उंबऱ्याशी, चुलीमागे किंवा भर दुपारी ओसरीवर झिंगल्यासारखा फिरत येतो आणि गरगरून मरून पडतो. ‘उंदीर पडला’ एवढे दोनच शब्द. ते ऐकले की घरातील कर्ती बाई भांडीकुंडी बांधावयास घेई. या कथेत उंदीर शत्रू नाही. रोगाने पहिला घास घेतला तो त्याचा, आणि म्हणून तो वर्दी देणारा ठरला. खेळ रचणाऱ्यांनी उंदराला राक्षस केले आहे. खेळाला राक्षस लागतोच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण रोगाची चाल समजून घ्यावयाची तर आजीचा उंदीरच खरा धरावा लागतो.

ही जाण आपल्या देशात जुनी आहे. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात झिंगत आलेल्या उंदराची हकीकत आहे. आपल्या जवळचेच पाहावयाचे तर विजापूर. १६८८-८९ च्या सुमारास औरंगजेबाची छावणी तेथे असताना हाच रोग उसळला, त्यात बादशहाची एक बेगम औरंगाबादी महल हिचाही अंत झाला, आणि काखेत व जांघेत येणाऱ्या गाठींचे वर्णन खाफीखानाने करून ठेवले. मात्र आपल्या घरांतून जो प्लेग सांगितला जातो तो पुढचा. १८९४ साली हाँगकाँगला यर्सिन याने ज्याचा जंतू शोधून काढला, १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी जो ओळखला, आणि रेल्वेने व धान्याच्या पोत्यांतून जो घाटावर पसरला, तो. बेळगाव आणि धारवाड या जिल्ह्यांना त्याने फार पोळले. वर्तमानपत्रांतून त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव होते. लोकांच्या तोंडी ‘गाठीचा ताप’ किंवा नुसता ‘पिलेग’. १९२० पर्यंतच्या पाव शतकात हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे त्याने नेली.

उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा शास्त्राला पुष्कळ उशिरा सापडला. १८९८ साली कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एका काचपात्रात आजारी उंदीर ठेवला, जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. एकमेकांचा स्पर्श नाही. तरी पहिल्याच्या अंगावरच्या पिसवांमुळे दुसरा मेला. सरकारने त्याच सुमारास नेमलेल्या प्लेग कमिशनने हे म्हणणे मानले नाही. १९०५ नंतर मुंबईस परळला झालेल्या पद्धतशीर प्रयोगांनी ते निर्विवाद ठरले. उंदराचे प्रेत थंड पडते, पिसवा ऊब शोधीत दुसऱ्या अंगावर जातात, आणि उंदीर पडू लागल्यावर साधारण दहा-पंधरा दिवसांनी माणसे पडू लागतात. पिसवेची गोष्ट आजीला ठाऊक नव्हती. हे दहा-पंधरा दिवस मात्र तिला ठाऊक होते, आणि जीव वाचावयाचा तो तेवढ्यातच.

त्या दिवसांत करावयाचे काय, तर घर सोडावयाचे. गाव ओस पडे आणि माळावर झोपड्या उभ्या राहत. कडब्याच्या पेंढ्या, तट्टे, जुनी घोंगडी, जे मिळेल ते. पहिल्या पावसाळी आठवड्यातच या झोपड्यांची काय दशा होत असेल ते सांगावयास नको. तथापि जवळ धान्याची कोठी नाही म्हणून उंदीर नाही, आणि उंदीर नाही म्हणून पिसू नाही. हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नव्हता. तो आपोआप बरोबर येत होता. सक्तीचे उपाय फसल्यावर सरकारनेही गावे खाली करण्यावरच अधिक भर दिला, आणि शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकिर्दीतही लोकांना गावाबाहेर हलवण्याचा मार्ग धरला गेला. पुण्यास सावित्रीबाई फुले यांनी व त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला तो गावाबाहेर ससाणे यांच्या माळावर. तेथेच रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या.

संबंध गाव उठून शिवेबाहेर जाणे हे आपल्या लोकांना अगदी नवखेही नसावे. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून गेले की मालवण भागात आचरे, चिंदर, वायंगणी या गावांतून ‘गावपळण’ आजही पाळली जाते. ग्रामदेवतेचा कौल झाला की माणसे, गुरे, कोंबड्या सारे शिवेबाहेर राहुट्यांत तीन दिवस राहतात. तिचा उगम प्लेगात आहे असे आमचे म्हणणे नाही. एवढेच की, घर टाकून माळावर राहणे म्हणजे सर्वनाश नव्हे, हे सांगणारी चाल लोकजीवनात आधीपासून होती.

येथे खेळातील उजेडाची गोष्ट आठवते. उंदीर उजेडाला भितात ही निव्वळ कविकल्पना. पण प्लेगाच्या दिवसांत उजेडावर श्रद्धा खरीच होती. रिकाम्या घरांची कौले उतरवून ऊन आत सोडीत. भिंतींना चुना, भुईवर फिनेल. उन्हाने जमिनीतील विष मरते अशी डॉक्टरांची तेव्हा समजूत होती. ती पूर्ण खरी नव्हती, पूर्ण खोटीही नव्हती. अंधाऱ्या, कोंदट, धान्याने भरलेल्या घरात उंदीर सुखाने नांदतो हे कोण नाकारील? परत आलेल्या माणसांना डोक्यावर आभाळ असलेले आपले माजघर कसे दिसले असेल, याचे चित्र मात्र त्या खेळाच्या कोणत्याही दृश्याहून आम्हांस अधिक विलक्षण वाटते.

आता देवीकडे वळू. बंगळुरास आणि कोइंबतूरला तर प्लेगाच्याच नावाने देवीची देवळे झाली. आपल्याकडे मरीआई, मरगाई, मरगव्वा होत्याच. नवा रोग त्यांच्याच पदराखाली गेला. मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेपलीकडे पोहोचवावा, पुढच्या गावाने तो आपल्या पुढच्या शिवेवर न्यावा, ही चाल पटकीच्या साथींपासूनची. तिला भाबडेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हांस तीत एक कठोर गोष्ट दिसते: रोग नाहीसा करता येत नाही, तो फक्त पुढच्याच्या दारात ढकलता येतो, असे लोकांना आतून वाटत होते.

आणि शिवा तरी थोड्या होत्या काय! निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात, तर थोड्या अंतरावरचे कागल कोल्हापूरकरांच्या सत्तेखाली. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगलीकरांचे. गल्ली ओलांडली की राज्य बदले. त्या हद्दी गेल्या, दुसऱ्या आल्या, आणि त्यांच्याविषयी सीमाभागातील वाचकांना आम्ही काही सांगावे असे उरलेले नाही. उंदराला मात्र यांपैकी एकही हद्द कधी दिसली नाही. प्लेगाच्या गोष्टी मराठी घरांत आहेत तशाच शेजारच्या कानडी घरांत आहेत. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ या १९६५ च्या कानडी कादंबरीत अग्रहारात उंदीर मरून पडू लागतात, आणि शास्त्रार्थाचा खल करीत बसलेल्या ब्राह्मणांना त्याचा अर्थ लागत नाही. बेळगावातील कोणत्याही जुन्या गल्लीत तो लगेच लागला असता.

खेळातील एक गोष्ट मात्र आम्हांस आरपार खरी वाटली, आणि तिच्यात उंदीर नाहीत. ह्यूगोच्या आईने आपला आजारी मुलगा वर्षानुवर्षे बंद खोलीत लपवून ठेवलेला असतो. मग एके दिवशी शिपाई दार फोडून आत शिरतात. १८९७ चा पुण्याचा इतिहास याहून काय वेगळा आहे? साथीच्या रोगांचा कायदा त्याच साली झाला, प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमाने गोरे सोजीर घरे तपासू लागले, देवघरे बाटली, बायाबापड्यांची विटंबना झाली, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी त्याचा जाब विचारला. पण त्या इतिहासाची दुसरी बाजू घराघरांत घडत होती. रुग्ण कणगीमागे लपवणे, गाठीवर पोटीस बांधून ‘साधा ताप’ म्हणणे, रात्री गुपचूप अंत्यविधी उरकणे. रोगापेक्षा झडतीची, इस्पितळाची आणि जातिभ्रष्टतेची धास्ती मोठी होती. टिळकांनी पुण्यास हिंदूंसाठी निराळे प्लेग इस्पितळ काढले ते ही धास्ती ओळखूनच. पुढे १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ याच रोगाने गेला.

अफवांचेही तसेच. इस्पितळात माणसे उलटी टांगून त्यांची ‘मोमियाई’ काढतात, ही वदंता मुंबईत पसरली होती. हाफकिन साहेबांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी टोचणीविषयीचा संशय गेला नाही. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनवर आला, आणि ते निर्दोष होते हे मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. तेव्हा टोचणीवाला गावात आला की ऊसमळ्यात दडून बसणाऱ्यांना आज केवळ अडाणी म्हणणे आमच्याने होत नाही. मोमियाई खोटी होती. जोराने दार उघडणाऱ्या हातांवरचा अविश्वास खोटा नव्हता.

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी व मग सुरतेत प्लेगाची वार्ता उठली तेव्हा औषधे हाताशी होती. वेळेवर मिळाली तर हा रोग आज बरा होतो. तरी सुरतेहून लक्षावधी माणसे गाडी मिळेल तिकडे पळाली. मामल्याच्या बाबतीत, आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर ओस पडलेली घरे आणि त्यांत साठलेले धान्य यांमुळे उंदीर माजले असावेत, असे तज्ज्ञांचे म्हणणे पडले. उंदीर, धान्य, रिकामे घर! आजीच्या गोष्टीतली तिन्ही पात्रे जागच्या जागी होती.

मुलांना सांगताना या गोष्टी पुऱ्या सांगाव्यात. माळ कोणता, किती महिने राहिलो, ओस गावात राखणीला कोण थांबले, परतल्यावर कोणाचे दार उघडलेच नाही. घरोघरच्या कथा बहुधा वाचलेल्यांच्या असतात. मागे ठेवलेल्या म्हाताऱ्यांविषयी त्या चटकन पुढे सरकतात. माळावरही झोपड्यांच्या ओळी जातवार पडत, आणि गावाबाहेर ज्यांची वस्ती आधीच होती त्यांनी आणखी कोठे जावयाचे, हे कोणी विचारले नाही. मेलेले उंदीर आणि प्रेते उचलण्याचे काम त्यांच्याच माथी आले. त्या घरांतील प्लेगकथा आमच्यासारख्यांच्या मासिकांत क्वचितच छापल्या गेल्या. प्लेग या भागात अधूनमधून १९४० नंतरही डोकावत होता. तो आईबापांच्या तोंडून ऐकलेली, आता नव्वदीकडे झुकलेली काही माणसे त्या वस्त्यांतून अजून आहेत.