तीन दिवसांची सुट्टी आणि सात पासबुके

डिसेंबर २०२० मध्ये नाताळ शुक्रवारी आला. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, त्यानंतर रविवार. अशी सलग तीन दिवसांची सुट्टी बँक कर्मचाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. आणि टाळेबंदीतही शाखा उघडी ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना त्या वर्षी तिचे अप्रूप अधिकच होते. त्याच शुक्रवारी धारावीतून एक सुखद वार्ता आली. १ एप्रिल रोजी पहिला रुग्ण आढळल्यापासून प्रथमच त्या दिवशी तेथे एकही नवा करोनाबाधित सापडला नव्हता.

सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागेत साडेआठ लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि बहुतांश कुटुंबे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत, तेथे 'अंतर राखा' हे सांगणेच व्यर्थ होते. म्हणून महापालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता घरोघरी जाऊन तपासणी केली. शाळा आणि मंगल कार्यालये विलगीकरणासाठी घेतली, महाराष्ट्र निसर्ग उद्यानालगतच्या जागेत २०० खाटांचे रुग्णालय उभारले. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा नामोल्लेख केला, तेव्हा तिच्या आसपासच्या शाखेत काम करणाऱ्या माझ्यासारखीलाही उगाचच अभिमान वाटला होता.

सोमवारी, २८ डिसेंबरला, शाखेचे दार उघडताच आमचे एक जुने ग्राहक समोर उभे राहिले. धारावीतील एका चाळ समितीचे ते अध्यक्ष. आम्ही सारे त्यांना काकाच म्हणतो. मी शून्य रुग्णांबद्दल अभिनंदन केले. त्यांनी मान डोलावली आणि कापडी पिशवीतून सात पासबुके काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, सुट्टीत सगळे पेढे वाटत होते. मी ही वाचत बसलो होतो. यातला एकही खातेदार आता नाही."

वर्षभर काकांनी याद्याच केल्या होत्या. धान्य कोणाला पोहोचले, ताप कोणाला आला, विलगीकरणात कोणाला पाठवायचे, गावी कोण गेले. एका शेजाऱ्याला रुग्णवाहिकेत बसवताना त्याच्या बायकोने त्यांना काय काय सुनावले, तेही त्यांनी सांगितले. तो शेजारी परत आलाच नाही. त्याचे पासबुक त्या सातांत होते.

ते शोधत होते ३३० रुपयांची नोंद. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा तेव्हाचा वार्षिक हप्ता तेवढाच होता (१ जून २०२२ पासून तो ४३६ रुपये झाला). मृत्यूचे कारण कोणतेही असो, वारसाला दोन लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे. त्यामुळे हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो. सही करून पाच वर्षे लोटल्यावर हे खातेदाराच्याच स्मरणात राहत नाही, तर घरच्यांना कोठून ठाऊक असणार? आम्ही पाठवलेला संदेश इंग्रजीत होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आम्ही दोघांनी एकेक पान पाहिले. दोघांचे वय पन्नाशीपुढचे. योजनेत प्रवेश १८ ते ५० या वयातच मिळतो. दोघांनी अर्जच केला नव्हता. दोन पासबुकांत मात्र मे २०२० ची नोंद स्पष्ट होती. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

उरले शेजाऱ्याचे. मे २०१९ मध्ये ३३० वजा झालेले. मे २०२० मध्ये मात्र खात्यात १८० रुपये शिल्लक. मार्चअखेर काम थांबल्यावर त्याने घरखर्चासाठी थोडे थोडे करून सारे काढले होते. हप्ता वळता झाला नाही, विमा खंडित झाला. मृत्यू जूनच्या अखेरीचा.

"दीडशे रुपये कमी पडले," काका हळूच म्हणाले. "मी त्या आठवड्यात त्याच्या दारात धान्याची पिशवी घेऊन उभा होतो. सगळ्या याद्या केल्या मॅडम, ही एक केली नाही."

त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. ती यादी करणे हे त्यांचे नव्हे, आमचे काम होते, एवढे मात्र मी म्हटले.

दोन्ही दावे आम्ही त्याच आठवड्यात विमा कंपनीकडे पाठवले. दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि वारसाच्या पासबुकाची प्रत एवढ्यावर काम झाले आणि रकमा जमा झाल्या. शेजाऱ्याच्या खात्याला नामनिर्देशनही नव्हते. १८० रुपयांसाठी त्याच्या पत्नीला दोन फेऱ्या पडल्या. (१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. वाचकांनी आपल्या पासबुकाचे पहिले पान एकदा अवश्य पाहावे.)

धारावीतील ते शून्य टिकले नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट तेथेही पोहोचली. त्या मे महिन्यात काका तोंडाला दुहेरी मास्क बांधून शाखेत आले. हातात वही होती. चाळीतील खातेदारांची नावे आणि प्रत्येकापुढे त्याची शिल्लक. ज्यांच्या खात्यात ३३० रुपये नव्हते अशा अकरा नावांखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती, आणि समितीच्या निधीतून काढलेल्या नोटा वहीतच घडी करून ठेवल्या होत्या.